अभ्यासगट : गोंदिया जिल्ह्याच्या अंगाने एक आढावा

गोंदिया जिल्ह्यात दहावी-बारावी, पोलीस भरती आणि स्पर्धा परीक्षा या तिन्ही तयाऱ्या मुले-मुली बहुधा गटाने करतात. पहाटे मैदानावर धावणारी भरतीची पोरे, बुद्धविहारातल्या किंवा ग्रामपंचायतीच्या अभ्यासिकेत ओळीने बसलेले पदवीधर, शाळा भरण्याआधी येऊन गणिते सोडवणाऱ्या दहावीच्या मुली. आपण एकत्र अभ्यास करतो असे या साऱ्यांनाच वाटते. प्रत्यक्षात पहिल्यांना सोबत हवी असते, दुसऱ्यांना जागा आणि शांतता, तिसऱ्यांना अडलेले समजावून सांगणारे कोणीतरी. गटाने अभ्यास केल्याने फायदा होतो का, या प्रश्नावर पालक, शिक्षक आणि संशोधक इतकी वर्षे एकमेकांना छेद देणारी उत्तरे देत आले आहेत. त्याचे एक साधे कारण असे, की प्रत्येकाच्या डोळ्यांसमोरचा गट निराळा असतो.

या वादाची पूर्वपीठिका, त्यातल्या मुख्य बाजू आणि अजून न सुटलेल्या गाठी इथे क्रमाने मांडल्या आहेत. उदाहरणे शक्यतो गोंदिया आणि आसपासची घेतली आहेत. संशोधन मात्र बरेचसे बाहेरचे आहे, आणि त्याची मर्यादा पुढे येईलच.

पूर्वपीठिका

मुलांनी मुलांना शिकवणे आपल्याकडे जुनेच. पंतोजींच्या शाळेत मोठी मुले लहानांकडून धूळपाटीवर अक्षरे गिरवून घेत आणि पाढे म्हणवून घेत. शिक्षक एक आणि मुले सगळ्या वयांची, तेव्हा दुसरा इलाजही नव्हता. १७८९ पासून मद्रासच्या लष्करी अनाथालयाचे काम पाहणाऱ्या अँड्र्यू बेल या पाद्र्याने तिथल्या देशी शाळेत वाळूवर बोटाने अक्षरे काढणारी मुले पाहिली. थोरल्या मुलांकडून धाकट्यांना शिकवण्याची रीत त्याने आपल्या शाळेत बसवली आणि १७९७ मध्ये लंडनला तिच्यावर पुस्तिका काढली. इंग्लंडमध्ये ती 'मद्रास पद्धत' म्हणून गाजली. पुढे तिच्यावर टीकाही भरपूर झाली: थोरला मुलगा पाठ करून घेतो, अर्थ समजावून देत नाही. आज शाळेतल्या गटप्रमुखाबद्दल जी तक्रार ऐकू येते, ती दोनशे वर्षांची आहे.

दुसरी परंपरा बरोबरीच्या विद्यार्थ्यांची. १८४८ मध्ये मुंबईत एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या तरुणांनी 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' स्थापन केली. दादाभाई नौरोजी त्यांतलेच. या संस्थेच्या मराठी आणि गुजराती शाखा निघाल्या. एकाने निबंध लिहून आणायचा, वाचायचा आणि बाकीच्यांनी त्यावर बोलायचे, असा तिथला शिरस्ता होता. पुढच्याच वर्षी या मंडळींनी मुलींच्या शाळा काढल्या आणि १८५० पासून 'मराठी ज्ञानप्रसारक' मासिक सुरू झाले. इथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की सभासद रिकाम्या हाताने येत नसे. लिहून आणलेला निबंध हे चर्चेचे भांडवल होते.

तिसरी परंपरा शाळेबाहेरची. स्वीडनमध्ये ऑस्कर ऑल्सन यांनी १९०२ मध्ये दारूबंदी चळवळीतल्या कामगारांसाठी अभ्यासमंडळे सुरू केली. त्यांत शिक्षक नसे. सामाईक पुस्तके आणि ठरलेली बैठक, एवढ्यावर काम चाले. आपल्या शेजारच्या गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) गावाने मोहन हिराबाई हिरालाल आणि देवाजी तोफा यांच्या सोबतीने अभ्यासगटाची रीत रुजवली. गटात विषय समजून घ्यायचा, माहिती तपासायची, मतभेद मांडायचे. निर्णय मात्र तिथे घ्यायचा नाही, तो ग्रामसभेत सर्वसहमतीने घ्यायचा. शिकणे आणि ठरवणे यांची ही फारकत विद्यार्थ्यांच्या गटालाही उपयोगाची आहे, कारण आपल्याकडचे निम्मे गट अभ्यासाऐवजी 'कुठला क्लास लावायचा, कुठला फॉर्म भरायचा' यातच संपतात. खुद्द गोंदियात अर्जुनी मोरगावच्या परिसरात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने धीवर समाजाबरोबर मालगुजारी तलाव, त्यांतले देशी मासे आणि पाणवनस्पती यांचा अभ्यास केला. ज्यांना शाळेने फारसे काही दिले नाही, त्यांच्याजवळचे ज्ञान गटात बोलते झाले, हे त्या कामाचे वैशिष्ट्य.

आणखी एक चाल अस्सल महाराष्ट्राची: आंबेडकर जयंतीच्या निमित्ताने महाविद्यालयांत, ग्रंथालयांत आणि विहारांत होणारा सलग अठरा तास अभ्यास. शेकडो जण एकत्र बसतात, बोलत कोणीच नाही. बाबासाहेबांचा आदर्श तर एकट्याने केलेल्या अखंड वाचनाचा. पण तो पाळला जातो समूहाने. अभ्यासिका नावाच्या संस्थेचे सारे मर्म यात आले.

जिल्ह्यातली स्थिती

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा आठ तालुक्यांचा जिल्हा. गोंदिया, तिरोडा, आमगाव, सालेकसा हावडा-मुंबई मार्गावर. सौंदड आणि अर्जुनी मोरगाव बल्लारशहाच्या फाट्यावर. देवरीला रेल्वे नाही, महामार्ग आहे. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा गट कुठे जमणार हे बऱ्याच अंशी गाडीच्या वेळेवर ठरते. गोंदिया एज्युकेशन सोसायटीच्या धोटे बंधू विज्ञान किंवा एन. एम. डी. महाविद्यालयात येणारी तालुक्याची मुले तास संपले की स्टेशन किंवा बसस्थानक गाठतात. शहरात राहणाऱ्यांचा गट वेगळा आणि जाऊन-येऊन करणाऱ्यांचा वेगळा, अशी विभागणी आपोआप होते.

ऋतूंचाही हात आहे. जुलैत रोवणी, दिवाळीच्या आगेमागे धानाची कापणी, मग गावोगावी मंडई आणि रात्रीची नाटके. मार्च-एप्रिलमध्ये ऐन परीक्षेच्या तोंडावर पहाटे मोहफुले वेचायला जावे लागते, मागोमाग तेंदूपत्ता येतो. पुण्याच्या पेठांत आखलेले अभ्यासाचे वेळापत्रक सालेकसा-देवरीच्या पट्ट्यात चालत नाही, ते यामुळे. पहाटेची वेळ अभ्यासाला उत्तम असे सांगणाऱ्याने आधी मोहाच्या हंगामात इथे यावे.

सरकारी पातळीवर या प्रश्नाला सर्वांत थेट भिडलेली योजना म्हणजे मानव विकास कार्यक्रम. २०११ पासून तो राज्यातल्या अनेक जिल्ह्यांच्या १२५ तालुक्यांत विस्तारला. गोंदिया त्या जिल्ह्यांपैकी एक. त्यात शाळांमधून विद्यार्थ्यांसाठी अभ्यासिका चालवणे, मुलींना गावाहून शाळेत आणण्यासाठी एस.टी.च्या खास बस आणि शाळेपासून जवळ राहणाऱ्या मुलींना सायकली, हे एकाच योजनेचे भाग आहेत. अभ्यासाची जागा आणि तिथवर पोचायचे साधन यांचा विचार जोडीने झाला, हे या आखणीचे श्रेय. अडचण अशी, की अभ्यासिका शाळेच्या वेळेबाहेर चालते आणि बस शाळेच्या वेळेला बांधलेली असते.

एकट्याने बसण्याची बाजू

'चार जण बसले की गप्पाच होतात' हे पालकांचे म्हणणे केवळ अनुभवाचे नाही, त्याला प्रयोगांचा आधार आहे. मॅक्स रिंगलमन या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावला. जितकी माणसे जास्त, तितका प्रत्येकाचा जोर कमी भरला. ही निरीक्षणे १९१३ मध्ये छापली गेली. १९७९ मध्ये बिब लाताने आणि सहकाऱ्यांनी टाळ्या आणि आरोळ्यांवर तोच प्रयोग करून पाहिला. समूहात प्रत्येक जण थोडा अंग चोरतो, हे पुन्हा दिसले.

स्मरणाच्या बाबतीतला निष्कर्ष अधिक बोचरा आहे. वेल्डन आणि बेलिंजर यांच्या १९९७ च्या प्रयोगात एकत्र बसून आठवणाऱ्यांनी जेवढे आठवले, त्याहून अधिक तेवढ्याच माणसांनी वेगवेगळे बसून आठवलेले एकत्र केल्यावर भरले. एकाच्या बोलण्याने दुसऱ्याचा धागा तुटतो, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. पोलीस भरतीच्या १०० गुणांच्या लेखी परीक्षेसाठी सामान्यज्ञान घोकताना एकाने मोठ्याने विचारायचे आणि सगळ्यांनी एकदम ओरडून उत्तर द्यायचे, ही रीत गावोगावी आहे. तिच्यावर ही नेमकी टीका ठरते, कारण उत्तर देतो एकच आणि आपल्यालाही येत होते असे वाटते सगळ्यांना.

२०१३ मध्ये जॉन डनलोस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा तंत्रांचा तौलनिक आढावा घेतला. स्वतःची चाचणी घेणे आणि अभ्यास दिवसांवर विभागून करणे ही दोन तंत्रे सर्वांत वरची ठरली. रंगीत पेनाने ओळी अधोरेखित करणे आणि पुन्हा पुन्हा वाचणे तळाला गेले. वरच्या दोन्ही तंत्रांना दुसऱ्या माणसाची गरज नाही. एकांताच्या बाजूचा हा सर्वांत भक्कम मुद्दा.

गटाची बाजू

गटाच्या बाजूने सर्वाधिक सांगितले जाणारे काम उरी ट्राइझमन यांचे. सत्तरच्या दशकात बर्कली विद्यापीठात कृष्णवर्णीय विद्यार्थी कलनाच्या पेपरात मोठ्या संख्येने मागे पडत होते. घरची गरिबी, कच्चा पाया, कमी मेहनत अशी कारणे सांगितली जात. ट्राइझमन यांनी त्यांच्या आणि चिनी वंशाच्या विद्यार्थ्यांच्या दिनक्रमाचा जवळून पाठपुरावा केला. मेहनत दोघांचीही होती. फरक असा, की चिनी मुले आधी एकटी गणिते सोडवत आणि मग जमून उत्तरे ताडून पाहत, एकमेकांची परीक्षा घेत. कृष्णवर्णीय मुले एकटीच झुंजत. मित्रमंडळ वेगळे आणि अभ्यास वेगळा. यावरून ट्राइझमन यांनी कार्यशाळा उभ्या केल्या. त्यात कच्च्यांसाठी सोपी उजळणी ठेवली नाही, उलट अवघड गणिते दिली. निकाल ठळकपणे सुधारले. स्वखुशीने आलेलीच मुले त्यात होती, असा आक्षेप या कामावर घेतला जातो आणि तो गैरलागू नाही.

नोरीन वेब यांनी शाळकरी गटांतले बोलणे नोंदवून जे दाखवले, ते मला या साऱ्या चर्चेत सर्वांत मोलाचे वाटते. समजावून सांगणारा सर्वाधिक शिकतो. विचारणाऱ्याला नुसते उत्तर मिळाले, तर त्याला फायदा होत नाही, प्रसंगी तोटाच होतो. स्पष्टीकरण मिळाले आणि त्याने ते लगेच स्वतः वापरून पाहिले, तरच त्याचा लाभ. म्हणजे 'हुशार मुलाचा वेळ जातो' ही पालकांची धास्ती उलटी आहे. वेळ जातो तो वहीवरून उतरवून घेणाऱ्याचा.

हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी १९९१ पासून वर्गात वापरलेली रीतही याच वळणाची. प्रश्न पडल्यावर प्रत्येकाने आधी आपले उत्तर नोंदवायचे, मग शेजाऱ्याला पटवायचे, मग पुन्हा उत्तर द्यायचे. आधी एकट्याने दिलेले उत्तर हा त्यातला गाळता न येणारा टप्पा आहे.

दोन्ही बाजूंना जवळ आणणारा निष्कर्ष किर्शनर, पास आणि सहकाऱ्यांचा आहे. काम सोपे असेल तर गट म्हणजे जादा ओझे. काम इतके गुंतागुंतीचे असेल की एकाच्या डोक्यात मावत नाही, तर ओझे वाटले जाते आणि गट पुढे जातो. याच्या जोडीला रॉबर्ट स्लाव्हिन यांची अट: गटाचे ध्येय एक असले, तरी जबाबदारी प्रत्येकाची वेगळी मोजली गेली पाहिजे. बारावीची व्याख्या पाठ करायला गट नको. सेंद्रिय रसायनातली रूपांतराची साखळी सोडवायला हवा.

मार्गदर्शक हवा, असे म्हणणाऱ्यांची बाजू

मुले आपली आपण शिकतात हे शिक्षकांच्या मोठ्या वर्गाला मान्य नाही, आणि त्यांच्याकडेही पुरावा आहे. मुंबई आणि वडोदऱ्यात 'प्रथम' या संस्थेच्या बालसखी उपक्रमात वस्तीतल्याच शिकलेल्या तरुणी मागे पडलेल्या १५ ते २० मुलांना रोज दोन तास वेगळे घेत. अभिजित बॅनर्जी, एस्तर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी त्याची शास्त्रीय पाहणी करून २००७ मध्ये निष्कर्ष छापले. वाचन-गणितात लक्षणीय सुधारणा झाली होती. कोविडकाळात शाळा बंद असताना आदिवासी विकास विभागाने 'अनलॉक लर्निंग' उपक्रमातून आश्रमशाळांच्या मुलांना गावातच छोट्या गटांत शिकवण्याचा प्रयत्न केला. त्यातही गावचा शिकलेला तरुण शिक्षणमित्र म्हणून उभा करण्यात आला. मोबाइलला रेंज नसलेल्या गावांत झाडाखालचा गट हाच तेव्हा वर्ग होता.

माझ्या मते या बाजूचा खरा जोर लहान वयाला लागू होतो. चौथीतल्या पाच मुलांना भागाकार येत नसेल, तर पाचही जण मिळून चूकच पक्की करतील. बारावीच्या पुढे तेच म्हणणे सैल पडते. मूल्यवर्धन कार्यक्रमाने मधली वाट दाखवली आहे. शांतिलाल मुथ्था फाउंडेशनने २००९ मध्ये बीड जिल्ह्यात सुरू केलेल्या आणि नंतर राज्यभर गेलेल्या या कार्यक्रमात मुले जोड्यांत आणि छोट्या गटांत बोलतात, पण विषय, वेळ आणि बोलण्याचे नियम शिक्षक आखून देतो.

गटात कोण असावे

इथे संशोधन दुभंगलेले आहे. डुफ्लो, डुपास आणि क्रेमर यांनी केनियातल्या शाळांवर केलेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पातळीनुसार वर्ग पाडल्यावर वरच्या आणि खालच्या, दोन्ही वर्गांतली मुले पुढे गेली. 'प्रथम'ची पातळीनुसार शिकवण्याची रीत याच समजावर उभी आहे. उलट राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० समवयस्कांनी एकमेकांना शिकवण्याला उघड पाठिंबा देते, आणि त्यासाठी पातळ्या मिसळाव्याच लागतात. वेब यांच्या नोंदीत आणखी एक बारकावा आहे: मिश्र गटात सर्वांत पुढचा आणि सर्वांत मागचा यांची गुरू-शिष्याची जोडी जमते आणि मधला विद्यार्थी नुसता बसून राहतो. मधल्याकडे आपल्या शाळांतही कोणाचे लक्ष नसते. तो नापास होत नाही आणि फलकावरही झळकत नाही.

भाषेचा प्रश्न गोंदियात जितका जिवंत आहे, तितका क्वचित कुठे असेल. घरी कोणी पोवारी बोलते, कोणी झाडीबोली, सालेकसा-देवरीकडे कोणी गोंडी, सीमेलगत कोणी छत्तीसगढी, शहरात हिंदी सर्रास, शाळा मराठी, आणि विज्ञान शाखेला गेले की पुस्तक इंग्रजी. तास चालू असताना 'समजलं का?' या प्रश्नाला मान हलते. मधल्या सुटीत तोच मुलगा शेजाऱ्याला घरच्या बोलीत विचारतो आणि तेव्हा त्याला कळते. अभ्यासगटाचे या जिल्ह्यातले सर्वांत मोठे काम हेच असू शकते, कारण हे काम शिक्षक करू शकत नाही. बरेचदा त्याला ती बोली येतच नाही. शिक्षकांचा दुसरा पक्ष म्हणतो, की बोलीत कळले तरी उत्तरपत्रिका प्रमाण मराठीत लिहायची आहे, आणि बोलीत बोलण्याची सवय लागलेला विद्यार्थी लिहिताना अडखळतो. दोघांचेही म्हणणे अनुभवातून आलेले आहे. समजून घेणे बोलीत आणि उत्तर लिहिणे प्रमाण मराठीत, अशी दोन टप्प्यांची सोय काही शिक्षक सुचवतात. तर्काने ती बरोबर वाटते. मात्र त्यासाठी गटात त्या बोलीची किमान दोन मुले हवीत. वर्गातली एकुलती गोंडी बोलणारी मुलगी मराठी-हिंदी गटात बसवली, तर ती पुन्हा मान हलवणारच.

जात आणि मैत्रीचा मुद्दा याला लागूनच येतो. आपण होऊन जमलेले गट बहुधा एका मोहल्ल्याचे असतात, आणि गावात मोहल्ला म्हणजे काय हे सांगायला नको. अमेरिकेत ऑस्टिन शहरात शाळांतले वर्णभेदाचे विभाजन उठल्यावर १९७१ मध्ये एलियट अॅरन्सन यांनी धड्याचे तुकडे करून प्रत्येक मुलाला एक तुकडा देण्याची युक्ती काढली. प्रत्येकाचा तुकडा इतरांना लागतोच, त्यामुळे कोणाला टाळता येत नाही. तिने मुलांमधला दुरावा कमी झाल्याचे निष्कर्ष आहेत. गुणांवरचा परिणाम सगळीकडे सारखा दिसलेला नाही. शाळेने गट पाडले तर मिसळ होते पण आपलेपणा लवकर येत नाही, मुलांनी पाडले तर आपलेपणा असतो पण मिसळ होत नाही. यावर सर्वमान्य तोडगा निघालेला नाही.

मुलींचा प्रश्न तंत्राचा नाही, घड्याळाचा आहे. अभ्यासिका रात्री दहापर्यंत उघडी, हे वाक्य मुलांसाठी सोय आहे. शेवटच्या बसने पाच-साडेपाचला निघणाऱ्या मुलीला त्याचा अर्थ काहीच नाही. घरी पोचल्यावर पाणी आणि स्वयंपाक वाट पाहतो तो वेगळाच. पुरुषांची १६०० मीटर आणि महिलांची ८०० मीटर धाव एकाच भरतीत असते, पण अंधारात रस्त्यावर धावायला गटाने निघण्याचे स्वातंत्र्य दोघांना सारखे नसते. मुलींचे गट टिकले तर ते बहुधा एकाच टोलीतले असतात आणि लग्न ठरले की एकेक जण गळते.

चालवण्याचे तंत्र

गट किती जणांचा असावा यावर बऱ्यापैकी एकवाक्यता आहे. पॅट्रिक लाफलिन आणि सहकाऱ्यांच्या २००६ च्या प्रयोगात तर्काची कोडी सोडवताना तीन जणांच्या गटाने तेवढ्याच एकेकट्यांतल्या सर्वोत्तमालाही मागे टाकले. दोघांची जोडी तेवढी पुढे गेली नाही, आणि चार-पाच जण घेऊन तिघांपेक्षा वेगळा लाभही दिसला नाही. आपल्याकडे एखादा गैरहजर राहणारच, हे धरून चार किंवा पाच योग्य. आठाच्या पुढे गेला की त्याची सभा होते.

बैठकीच्या आधीचे काम बैठकीइतकेच महत्त्वाचे, यावर वरच्या तिन्ही बाजूंचे एकमत निघू शकते. प्रत्येकाने ठरलेला भाग वाचून आणि न जमलेल्या गणितांवर खूण करून यावे. बैठकीत पुस्तके मिटलेली असावीत. आधी कागदावर आपापले उत्तर, मग तुलना, आणि जिथे उत्तरे जुळत नाहीत तिथेच चर्चा. जुळलेल्या उत्तरांवर वेळ घालवू नये. समजावून सांगण्याची पाळी फिरती ठेवावी, आणि ज्याला नुकतेच समजले त्याने ते तिथल्या तिथे सर्वांसमोर करून दाखवावे. चुकांची वही गटाची एकच असली तर परीक्षेआधीच्या आठवड्यात ती गाइडपेक्षा उपयोगी पडते. तासा-दीड तासाहून लांब बैठक फारशी फळत नाही. गटप्रमुख कायमचा एकच असेल तर तो शिक्षक बनतो आणि बाकीचे पुन्हा वर्गात गेल्यासारखे गप्प बसतात.

व्हॉट्सअॅप आणि टेलिग्रामच्या गटांनी यात नवी अडचण आणली. नोट्सच्या फायली गडचिरोलीपासून पुण्यापर्यंत क्षणात फिरतात, आणि हा लाभ दुर्गम गावाला नाकारता येत नाही. पण फाइल साठवली की अभ्यास झाल्याचे समाधानही सोबत येते. तिथे प्रश्न कमी आणि पाठवलेल्या फायली जास्त असतील, तर त्याला पुस्तकांचे कपाट म्हणावे. रोज ठरल्या वेळी एक प्रश्न आणि प्रत्येकाने हाताने लिहिलेल्या उत्तराचा फोटो, एवढी शिस्त पाळणारे थोडे गट मात्र बसच्या वेळेवर मात करू शकतात.

न सुटलेले प्रश्न

पहिला प्रश्न परीक्षेच्या स्वरूपाचा. राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली. पर्यायी उत्तरांच्या परीक्षेत गटातल्या कोणालाही उत्तरतालिका पाहून गुण देता येत. निबंधवजा उत्तर तपासायला मात्र जाणकार लागतो. परस्परांची उत्तरे तपासून नवख्यांची पारख किती तयार होते, की सगळे मिळून एकाच साच्यात लिहू लागतात, यावर मतभेद आहेत. पुण्या-नागपूरच्या मुलांना पैसे मोजून तपासनीस मिळतो; आमगाव-देवरीच्या गटाला मिळत नाही. ही दरी नव्या पद्धतीने वाढेल अशी भीती रास्त आहे.

दुसरा प्रश्न नुसत्या सोबतीचा. अभ्यासिकेत न बोलता शेजारी बसण्याने चिकाटी वाढते असे हजारो विद्यार्थी सांगतात, आणि त्यासाठी महिन्याची फी भरतात. गटावरचे बहुतेक संशोधन बोलणाऱ्या गटांचे आहे. इतक्या मोठ्या प्रमाणावर वापरल्या जाणाऱ्या रीतीकडे शिक्षणशास्त्राने फारसे वळून पाहिलेले नाही, ही उणीव म्हणावी लागेल.

तिसरा प्रश्न पुराव्याच्या लागूपणाचा. ट्राइझमन आणि माझूर यांचे विद्यार्थी चांगल्या व्याख्यानानंतर गटात बसत. जिथे विषयशिक्षकाचे पद रिकामे आहे, तिथे गट व्याख्यानाला पूरक राहत नाही, त्याच्या जागी येतो, आणि ते ओझे त्याला पेलेल असे वरच्या एकाही अभ्यासावरून म्हणता येत नाही. अभ्यासगटांचे कौतुक करताना रिक्त पदांचा विषय मागे पडू नये, हा शिक्षक संघटनांचा आग्रह म्हणून समजून घेतला पाहिजे.

एवढ्या मतभेदांतून आजच सांगता येण्याजोगा निकाल लहानसा आहे. आधी एकट्याने, मग चार-पाच जणांत, पुस्तक मिटून आणि प्रत्येकाला बोलावे लागेल अशा रीतीने केलेला अभ्यास चालतो. बाकी प्रकारांत सोबत मिळते, शिकण्याची हमी नाही. आणि ज्या गटांना सर्वाधिक गरज आहे, त्यांची अडचण पद्धतीपेक्षा वेळेची आहे. गावातली अभ्यासिका दुपारी दोन तास फक्त मुलींसाठी उघडी ठेवायची का, सुटीच्या दिवशी तिची किल्ली कोणाकडे द्यायची, मोहाच्या हंगामात बैठक पहाटेऐवजी सायंकाळी घ्यायची का, हे प्रश्न मुंबईहून सुटणारे नाहीत. ग्रामपंचायतीच्या इमारतीची वेळ ग्रामसभेत ठरवता येते. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत हा विषय घालावा, आणि त्या दिवशी दहावी-बारावीच्या मुलींना बोलायला बोलवावे.